साळूला जखम हवी

एका जंगलात, जिथे अजून कुणाकडेही कलेची पदवी नव्हती आणि तरीही सगळ्यांचं बरं चाललं होतं, तिथे एक साळू राहायची. साळू म्हणजे साळिंदर, मुलांनो. पाठीवर काटे, पोटाशी मऊ.

तिचं नाव होतं कंटकावती. घरी तिला कंटू म्हणत.

कंटूला एकच नाद होता. तळ्याकाठच्या ओल्या चिखलात ती पाठ टेकायची, अंग वळवायची, गिरकी घ्यायची, आणि काट्यांनी चिखलात रेघाच रेघा उमटायच्या. कधी पाण्यावरच्या लाटा, कधी वाऱ्याने झोपलेलं गवत, कधी नुसताच गोंधळ. मग ती उठून बघायची आणि आपल्याच चित्राला टाळ्या वाजवायची. तेवढ्यात रानगवे पाणी प्यायला यायचे आणि सगळ्या चित्रावरून चालत जायचे. कंटूला त्याचंही काही वाटायचं नाही. चिखल पुन्हा कोरा मिळाला म्हणून ती उलट खूश व्हायची.

तिचे बाबा कंदमूळ खात्यात होते. कंदमुळं शोधायची, उकरायची आणि खायची. त्या खात्याचं कामच ते. कंटूनेही तिथेच चिकटावं असं त्यांना फार वाटे.

"जागा निघाली आहे," ते दर महिन्याला सांगायचे. "बसल्या जागी खायचं. वर पेन्शन."

पण एकदा तळ्यावर एक करकोचा उतरला. तो गावोगाव हिंडायचा, म्हणून जंगलात त्याला विद्वान समजत. त्याने मान वाकडी करून कंटूचं चित्र पाहिलं. मग मान दुसऱ्या बाजूला वाकडी करून पाहिलं.

"चांगलं आहे," तो म्हणाला. "पण उच्च नाही."

"उच्च कसं करायचं?"

"विस्तारपूर शहरात ललितकला महापीठ आहे. तिथे दोन वर्षं काढली की आपोआप होतं."

झालं! कंटूच्या पायांना भिंगरी लागली. ती घरी पळत आली ती तीनदा धडपडून.

"चिखलात लोळायला पदवी?" बाबा म्हणाले.

"जाऊ दे की," आई म्हणाली. "रानडुकरं बिनपदवीचीच लोळतात. त्यांचं काय झालंय ते बघतोच आपण."

आईचं असं होतं. तिला कलेतलं काही कळत नव्हतं, पण कंटूच्या बाजूने बोलायचं असलं की तिला सगळंच कळायचं. तिने कंटूला पोटाशी धरलं, कपाळ हुंगलं, आणि अर्जाच्या तयारीला लावलं.

चित्रं पाठवणं सोपं गेलं. चिखल उन्हात वाळला की त्याचे पापुद्रे निघायचे; ते पळसाच्या पानांत गुंडाळले. शिफारसही मिळाली. जंगलात शिफारसी हत्ती द्यायचा आणि सगळ्यांना एकच द्यायचा : 'अर्जदाराला मी वरून पाहिले आहे. वर्तन चांगले.'

राहिलं ते मनोगत. त्यात एकाच प्रश्नाचं उत्तर लिहायचं होतं. तुम्ही चित्रं का काढता?

कंटूने लगेच लिहिलं, 'मला खूप मजा येते.' आणि ती तरसबाईंना दाखवायला गेली.

तरसबाई जांभळाखाली प्रवेशाचे क्लास घ्यायच्या. महापीठाने त्यांना स्वतःला तीनदा नाकारलं होतं. त्यामुळे महापीठात प्रवेश कसा मिळवायचा हे त्यांच्याइतकं जंगलात कुणालाच माहीत नव्हतं.

तरसबाई वाचून हसल्या. अर्थात त्या कशालाही हसायच्या.

"मजा?" त्या म्हणाल्या. "मुली, मजा येणाऱ्यांना तिथे कोण घेणार? जखम कुठे आहे?"

"कुणाला लागलंय?"

"तुला! तुझ्या आत एक जखम आहे. तिच्यातून तुझी कला वाहते. ती जखम लिही."

कंटूने आत खूप शोधलं. सकाळी खाल्लेलं रताळं होतं. बाकी काही नव्हतं.

"बाई, मला नाहीये जखम."

"असं होतं सुरुवातीला. बघू. आई मारते?"

"नाही."

"उपाशी ठेवते?"

"नाही हो. भूक नसली तरी भरवते."

"वाईट," तरसबाई कपाळाला हात लावून म्हणाल्या. "फारच वाईट परिस्थिती आहे तुझी. जवळ तरी घेते का?"

"रोज!"

तरसबाईंचे कान टवकारले. "साळू साळूला जवळ घेते? मग टोचत असेल!"

"नाही टोचत. पोटाकडे आम्हाला काटे नसतात."

"हे तुला माहीत. मला माहीत. परीक्षकांना कुठे माहीत? परीक्षक सगळे पक्षी आहेत." आणि तरसबाई इतक्या हसल्या की जांभळं खाली पडली.

कंटू नवं मनोगत घेऊन नाचत घरी आली आणि मोठ्याने वाचू लागली.

"'मी साळूच्या पोटी जन्मले. माझ्या बालपणी माया होती, पण ती टोचत होती. आईने मला जितकं जवळ घेतलं, तितकी मी रक्तबंबाळ झाले. माझी प्रत्येक रेघ हा एक ओरखडा आहे.' कसं आहे?"

बाबांनी ते हातात घेऊन पुन्हा एकदा वाचलं.

"चांगलं आहे," ते म्हणाले. "पण यात मी कुठे आहे?"

"तुम्ही नाही आहात, बाबा."

"का? मी काहीच केलं नाही का तुला? सगळं आईनेच केलं?"

बाबा फारच हिरमुसले. शेवटी कंटूने त्यांच्यासाठी एक वाक्य घातलं : 'वडील माझ्याशी बोलत नसत.' ते खरं व्हावं म्हणून बाबा दोन दिवस कटाक्षाने गप्प राहिले. तिसऱ्या दिवशी त्यांना एवढं बोलायचं होतं की त्यांचा घसा बसला.

आई त्या दिवशी रताळं सोलत होती.

"टोचायचं का गं तुला?" तिने मान वर न करता विचारलं.

"अगं नाही! हे नुसतं प्रवेशासाठी."

"हां. मग असू दे," आई म्हणाली, आणि तेच रताळं सोलत राहिली. सोलून सोलून त्याचं काही उरलं नाही.

तेव्हापासून कंटू कुशीत शिरायला गेली की आई जराशी बाजूला सरके. "जपून गं," म्हणे. कंटूच्या डोक्यात तर सारखं विस्तारपूर नाचत होतं. तिला ते दिसलंसुद्धा नाही.

एक दिवस कावळा सगळ्या जंगलाला ऐकू जाईल असा ओरडत आला, "झाला! कंटकावतीचा प्रवेश झाला!" कंटू आनंदाने अशी गरगर फिरली की तिचे काटे शेजारच्या रानगव्याच्या बुडाला टोचले. रानगव्याने मोठ्या मनाने अभिनंदन केलं आणि मग तो निघून गेला, बराच वेगाने.

निघायच्या दिवशी आईने कंदांचं गाठोडं बांधून दिलं. मग ती हातभर अंतरावर उभी राहिली, एक पंजा लांब करून तिने कंटूच्या कपाळाला नुसतं बोट लावलं आणि म्हणाली, "सांभाळून राहा."

नदी ओलांडल्यावर कंटूला वाटायला लागलं की आपलं काहीतरी घरी राहिलंय. तिने गाठोडं सोडून पाहिलं. सगळं होतं. तिने ते पुन्हा बांधलं आणि चालू लागली.

आणि मुलांनो, काय ते विस्तारपूर!

तिथे वारुळंच सात-सात मजल्यांची होती. रस्त्यातून हत्ती, घोडे, नीलगाई एकाच वेळी चारी बाजूंनी यायच्या. चौकात मधोमध एका खांबावर लाल बुडाचं माकड बसलेलं असे. त्याने पाठ फिरवली की सगळ्यांनी थांबायचं. तोंड फिरवलं की निघायचं. कंटूला हे इतकं आवडलं की ती पलीकडे गेली, मग अलीकडे आली, मग पुन्हा पलीकडे गेली. शेवटी माकडच म्हणालं, "बाई, तुम्हाला नक्की जायचंय कुठे?"

"राहायला खोली पाहिजे!"

"मग रस्त्यातच राहावं लागेल," माकड म्हणालं आणि त्याने पाठ फिरवली.

पण कंटूला खोली मिळाली. पाचव्या मजल्यावर, घोरपडकाकूंच्या वारुळात. घोरपडकाकू भिंतीला चिकटून बसायच्या आणि भाडेकरूंना प्रश्न विचारायच्या.

"मांसाहारी?"

"नाही. कंदमुळं."

"कंदमुळं म्हणजे जमिनीखालचं. खाली उकरून खाणार का माझं वारूळ?"

"नाही, काकू."

"पाहुणे?"

"नाही, काकू."

"आणि हे काटे? भिंती खराब होतील. काढून ठेव."

"निघत नाहीत हो. अंगाचेच आहेत."

खूप बोलाचाली झाली. शेवटी असं ठरलं की घरात असताना कंटूने प्रत्येक काट्याच्या टोकाला एक-एक करवंद टोचून ठेवायचं. सकाळी ती काढायला वेळ लागे, म्हणून कंटू पहिल्याच दिवशी तशीच बाहेर पडली. चालतंबोलतं करवंदाचं झुडूप रस्त्याने निघालं! बुलबुलांचा थवा मागे लागला. माकड तोंड फिरवायचं विसरलं आणि चौकात नीलगाईंची रांग लागली. आठवडाभरात शहरातल्या खारी शेपटीला करवंदं बांधून फिरू लागल्या. एका सुसरीने तर दातांत माळली आणि ती हसून सगळ्यांना दाखवू लागली. पण बघायला जवळ कुणी गेलं नाही.

अशी कंटू महापीठात पोचली.

महापीठाचे प्रमुख होते आचार्य बगळे. ते एका पायावर उभे असत. दुसरा पाय कुठे आहे, असं विचारलेलं त्यांना आवडत नसे.

"प्रत्येकाने आपापली जखम सांगा," आचार्य म्हणाले.

मोराने आपल्या पायांबद्दल सांगितलं आणि तो रडला. कोकिळेने परक्या घरट्यात वाढल्याचं सांगितलं. तिला म्हणे चित्रं न बघताच घेतलं होतं. मग कंटूने रक्तबंबाळ मिठीचं सांगितलं. सगळा वर्ग हुंदके देऊ लागला. आचार्यांनी डोळे मिटले.

"आता चित्रं कधी काढायची?" कंटूने विचारलं.

"चित्रं?" आचार्यांनी एक डोळा उघडला. "पहिल्या वर्षी चित्र काढायचं नाही. चित्राचा विचार करायचा. दुसऱ्या वर्षी विचारही सोडायचा."

कंटूला हसू फुटलं. तिला वाटलं आचार्य गंमत करताहेत. वर्गात कुणीच हसलं नाही. तेव्हा तिला आणखी हसू आलं.

खरं सांगायचं तर कंटू तिथे फार आनंदात होती. मोर मनाने चांगला होता. कोकिळा पहाटे गाऊन सगळ्यांना उठवायची आणि शिव्या खायची. घोरपडकाकू वरून खडूस होत्या, पण कंटूला ताप आला तेव्हा त्या छताला उलट्या चिकटून तिच्यावर लक्ष ठेवून होत्या. संध्याकाळी कंटू नदीकाठी जायची आणि कुणी बघत नाही असं बघून चिखलात मनसोक्त लोळायची.

पण बघत होतं कुणीतरी. नदीकाठीच तर बगळे असतात.

आचार्यांनी तिला बोलावलं.

"तू चित्र काढलंस, ते मी समजू शकतो. तरुण आहेस," ते म्हणाले. "पण काढताना तू शीळ घालत होतीस."

कंटूने मान खाली घातली.

"प्रवेशाच्या वेळी दाखवलेलं दुःख विद्यार्थ्याने अभ्यासक्रम संपेपर्यंत सुस्थितीत ठेवावं, असा नियम आहे. पुढच्या पौर्णिमेला प्रदर्शन आहे. त्यात तुझी जखम दिसली नाही, तर जागा रद्द."

आता मात्र कंटूचं धाबं दणाणलं. हे शहर, हा चौक, हे मित्र, सगळं जाणार! तिने खोलीत बसून दुःखी व्हायचा प्रयत्न केला. आधी झोप आली. मग भूक लागली. शेवटी तिने कावळ्याला गाठलं.

"आईला सांग, माझी जखम संपली, महापीठातली जागा जाणार, आता मी काय करू?"

कावळ्याला लांबलचक निरोप आवडत नसत. त्याने वाटेत तो सुटसुटीत केला. जंगलात पोचून तो ओरडला, "कंटू! जखम! जाणार!"

आईच्या हातातला कंद खाली पडला. ती तशीच उठली आणि निघाली. बाबा कंदमूळ खात्यात रजा मागायला धावले, रजा मिळण्याआधीच परत वळले आणि तिच्यामागे पळत सुटले.

प्रदर्शनाचा दिवस उजाडला. महापीठाच्या पटांगणात प्रत्येकाला एक-एक रिंगण आखून दिलं होतं. मोराने आपल्या रिंगणात फक्त पाय ठेवले होते. बाकीचा मोर पानाआड होता. कोकिळेने रिंगणात एक रिकामं घरटं ठेवलं होतं आणि त्यात कुणाचंतरी अंडं होतं. कंटूचं रिंगण मोकळं होतं. मधोमध ती बसली होती आणि चेहरा पाडायची खटपट करत होती. तो एका बाजूने पडे, दुसऱ्या बाजूने वर येई.

आचार्य आणि परीक्षक तिच्या रिंगणापाशी आले, तोच गर्दीतून आई घुसली. धुळीने माखलेली, धापा टाकत. बाबा मागे चौकात अडकले होते, कारण माकडाने पाठ फिरवली होती आणि बाबा नियम पाळणारे होते.

आई रिंगणाच्या कडेपर्यंत धावत आली आणि तिथेच थांबली.

"कुठे लागलं?"

"कुठेच नाही, आई!" कंटू उठून उभी राहिली. "मी अगदी बरी आहे. तू आलीस! ये ना आत!"

आई हलली नाही.

"नको," ती म्हणाली. "इथूनच बघते. टोचेल तुला."

"आई, काहीतरीच काय? पोटाकडे कुठे काटे असतात आपल्याला?"

"माहीत आहे गं. मलाही तसंच वाटायचं," आई म्हणाली. "पण तू लिहिलंस. मग एवढ्या मोठ्या माणसांनी ते वाचलं. त्यांना पटलं, म्हणून तर तुला घेतलं. एवढ्या शिकलेल्यांना पटलं म्हणजे त्यात काहीतरी असणारच. मी रोज आठवून बघते, कधी टोचलं असेल. सापडत नाही. पण आपलं दूरच बरं."

नदीपलीकडे काय राहिलं होतं ते कंटूला आता कळलं. तिचा चेहरा आपोआप पडला, दोन्ही बाजूंनी, आणि डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं.

"अप्रतिम!" एक परीक्षक पुटपुटला. तो पाणकावळा होता.

"हे अंतर बघा," आचार्य कुजबुजले. "हातभर. कमी नाही, जास्त नाही. कुणीही हलू नका!"

पण कंटू हलली. ती रिंगण ओलांडून सुसाट धावली आणि आईच्या पोटावर जाऊन आदळली.

"खोटं होतं गं ते!" ती रडत ओरडली. "सगळं खोटं लिहिलं मी. मजा येते एवढंच खरं होतं!"

आईने आधी हात वरच धरले होते. मग ते हळूच खाली आले. मग तिने पोरीला असं घट्ट धरलं की दोघींचे काटे पाठीवर ताठ उभे राहिले आणि जवळच्या परीक्षकांना मागे सरकावं लागलं.

"अरे, सोडा! सोडा!" आचार्य कळवळले. "अंतर गेलं! सगळी कलाकृती गेली!" आणि त्या धक्क्याने त्यांचा दुसरा पाय खाली टेकला. विस्तारपुराने तो पहिल्यांदाच पाहिला. चांगला होता.

परीक्षकांनी बराच वेळ चर्चा केली. जखम क्षणभर का होईना अस्सल दिसली, असं म्हणून त्यांनी कंटूला काठावर पास केलं. जागा वाचली. मग आचार्य आईकडे वळले आणि अदबीने म्हणाले, "बाई, खरी देणगी तुमच्याकडे आहे. तुम्ही इथे प्रवेश घ्या. तुमच्याकडे दुःख आहे, आणि ते उच्च आहे."

"होतं," आई म्हणाली. "आत्ता गेलं."

"मग नाही देता येणार," आचार्य खिन्न होऊन म्हणाले.

तेवढ्यात बाबा पोचले. काय झालं ते त्यांना तिघा-चौघांनी सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि दोघींना मिळून एकच मिठी मारली. घाईत ती पाठीकडून मारली, त्यामुळे त्यांना मात्र खरंच टोचलं. पण त्याची नोंद कुठेच झाली नाही. परीक्षक तोवर जेवायला गेले होते.

आईबाबा आठवडाभर राहिले. घोरपडकाकूंनी कुरकुर केली आणि आईकडून रताळ्याच्या किसाची कृती शिकून घेतली. कंटू महापीठात दुपारपर्यंत चेहरा पाडून बसायला शिकली. त्याचीही सवय होते. संध्याकाळी ती नदीच्या पार वरच्या अंगाला जायची, जिथे बगळे नसत, आणि तिथे शिट्ट्या वाजवत चित्रं काढायची.

सुट्टी लागली तशी ती जंगलात परत आली. पाहते तर काय? तरसबाईंच्या क्लासवर ही गर्दी! जांभळाखाली जागा पुरेना, म्हणून तुकड्या दोन केल्या होत्या. कंटूचं मनोगत सगळ्यांना तोंडपाठ होतं.

आणि जंगलातले आईबाप पोरांसाठी झटत होते. हरिणी पाडसाला चाटायची सोडून लांब उभी राहायची आणि डोळे पुसायची. माकडिणीने पिल्लाला पोटावरून उतरवून शेजारच्या फांदीवर ठेवलं होतं. ते रडलं की ती आशेने त्याच्याकडे बघायची. रानगवा लेकाला म्हणायचा, "बाळा, तुला शिंग मारायला माझं मन होत नाही रे. पण तुझ्या भविष्याचा प्रश्न आहे." आणि बाळ शहाण्यासारखं पुढे होऊन उभं राहायचं.

अशा जंगलात कंटूच्या आईने तिला भर तळ्याकाठी पोटाशी धरलं, कपाळ हुंगलं, आणि सोडायचं नाव घेईना.

सगळ्या आया हबकल्या. हरिणी धावत आली.

"अहो, काय करताय हे?" ती दबल्या आवाजात म्हणाली. "पोरगी अजून शिकतेय ना?"

"शिकू दे की," आई म्हणाली. "प्रवेश झालाय आता तिचा."

तात्पर्य : सुखी घरात वाढलेल्या मुलांनी खचून जाऊ नये. मनापासून शोधलं आणि आईवडिलांनी थोडी साथ दिली, तर प्रवेशापुरतं दुःख कुठल्याही घरात निघतं.